लालासाहेबांनी दिलेला निकाल

माझे सासरे लालासाहेब कलिंगडवाल्यानं कापून पुढं केलेली फोड खात नाहीत. ती दुसऱ्याच कलिंगडाची असू शकते, असं त्यांचं म्हणणं. आष्ट्याच्या बाजारात आम्ही दोघं गेलो की मी चार पावलं मागं राहते, कारण भांडण कुठल्या गाड्यावर उभं राहील याचा नेम नसतो. मी फार्मासिस्ट आहे, दुपारी दोनपर्यंत मेडिकलमध्ये बसते, तरी मी आणलेल्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी ते उजेडात धरून तारीख वाचतात. संशय गोळीवाल्यांवर, तुझ्यावर नाही, एवढं मात्र दर वेळी सांगतात. हवामानाचा अंदाज, 'फक्त आजच' लिहिलेली पाटी, शेजाऱ्यांनी न मागता दिलेली भाजी, सगळ्यांकडे एकच नजर. लग्न होऊन पाटणहून या घरात आले तेव्हा मला वाटायचं, या माणसाला आयुष्यात कुणीतरी फार मोठं फसवलेलं असणार. तसं काही नव्हतं. ती त्यांच्या कामाची सवय होती.

सैन्यात ते तोफखान्यात हवालदार होते. गोळा कुठं पडला ते लांबून बघून सांगायचं काम. पेन्शनीत आल्यावर बैलगाडा शर्यतीत निकालपंच म्हणून गावोगावहून बोलावणं येऊ लागलं, आणि बंदीची वर्षं सोडली तर वीस वर्षं ते शेवटच्या रेषेवर उभे राहिले. ज्यांनी आमच्याकडची शर्यत पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. माळावर शेजारी शेजारी चाकोऱ्या आखलेल्या असतात. चिठ्ठी टाकून प्रत्येक गाडीला एक चाकोरी मिळते आणि गाडीनं तिच्यातूनच पळायचं असतं. चाकोरी सोडून शेजारच्या चाकोरीत शिरली की गाडी बाद, मग ती कितीही पुढं असू दे. धुरळ्यातून पाच-सात गाड्या एकदम येतात, आणि कुठली जोडी आधी आली हे एका माणसाला डोळ्यांनी बघून सांगावं लागतं.

त्यांची रीत ठरलेली होती. गाड्यांनी रेषा ओलांडली की ते कुणाकडे बघत नसत. चिठ्ठीवर चाकोरीचा नंबर लिहायचा, चिठ्ठी पालथी घालून तिच्यावर दगड ठेवायचा आणि मग पाणी प्यायचं. निकाल डोक्यात घेऊन फिरलं की तो नासतो, असं ते म्हणत. शर्यतीच्या दिवशी कुणाकडचा चहासुद्धा घेत नसत. आणि गाडी नात्यातल्या माणसाची असली की त्या दिवशी घरी बसत.

दोन वर्षांपूर्वी एका गावच्या फायनलला दोन गाड्या जवळपास बरोबर आल्या. मामांनी (सासऱ्यांना मी मामा म्हणते) चिठ्ठी लिहिली, तीन नंबरची चाकोरी पहिली. बक्षीस वाटून झाल्यावर कळलं की पहिल्या आलेल्या जोडीतला एक बैल आठच दिवसांपूर्वी मामांच्या बहिणीच्या जावयानं विकत घेतला होता. हरलेल्या बाजूकडं मोबाइलवर घेतलेली अकरा सेकंदांची चित्रफीत होती, तिरक्या बाजूनं घेतलेली आणि दोन्हीकडून कापलेली. ती आष्ट्यापासून विट्यापर्यंत प्रत्येकाच्या स्टेटसला लागली. तोंडावर कुणी काही बोललं नाही. फक्त बोलावणी थांबली.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं का. "ठावं असतं तर उभाच ऱ्हायलो नसतो," एवढंच म्हणाले. मी मान हलवली. पण खरं सांगायचं तर माझ्या मनात थोडं काहीतरी उरलंच, आणि ते उरलंय हे त्यांना कळलंही. एस. टी. स्टँडवर शर्यतीचं नवं पोस्टर लागलं की ते उभे राहून वाचायचे, छापणाऱ्याच्या नावापर्यंत. त्यांना मानधन नको होतं, फेटा नको होता. आपण सांगितलेला निकाल चार माणसांनी पुन्हा एकदा मुकाट्यानं मान्य करावा, एवढंच त्यांना हवं होतं. मला ते बघवत नव्हतं.

आता माझी गोष्ट. नवरा शिवतेज सैन्यात आहे, वर्षातून दोनदा येतो. त्यानं एका सुट्टीत टीव्हीला जोडायचा गेमचा डबा आणला आणि परत जाताना तो मागं राहिला. दुपारी मेडिकलमधून आले की मी वरच्या खोलीत खेळत बसते. मला आवडतात ते रोल-प्लेइंग गेम. यात आपण एक माणूस होतो, हातात काही नसताना निघतो, सोबती जोडतो, लढतो, हरतो, शिकतो आणि शंभर-शंभर तास त्याचं आयुष्य काढतो. एकेका गेमचे पुढं दहा-पंधरा भाग निघतात, म्हणजे ते घराणंच होतं. सातारा-सांगलीत या घराण्यांना वाहिलेला आमचा एक ग्रुप आहे, चव्वेचाळीस माणसांचा. त्यात मी कॉलेजपासून असल्यामुळे सगळे मला पाटणची राजनंदिनी म्हणूनच ओळखतात.

दर दिवाळीला आम्ही मतं घेऊन या घराण्यांचे नंबर काढतो. गेल्या दिवाळीला चव्वेचाळीस माणसांच्या ग्रुपमध्ये एकट्या फायनल फँटसीला एकसष्ट मतं पडली. फायनल फँटसीचा कैवारी म्हणजे जयराज, महाबळेश्वरला टॅक्सी चालवतो. पावसाळ्यात तिकडं चार महिने पर्यटक नसतात, तेव्हा हा पठ्ठ्या घरात बसून सोळाच्या सोळा भाग खेळलेला. त्यानं टॅक्सी स्टँडवरच्या सगळ्यांचे नंबर वापरले असा आरोप झाला. तो म्हणाला, आधी ऋषिराजचे विद्यार्थी मोजा. ऋषिराज सांगलीच्या एका कॉलेजात शिकवतो आणि त्याची निष्ठा एल्डर स्क्रोल्सवर. आटपाडीकडचा धनाजी सोलर पंप बसवतो, मेंढपाळाच्या घरातला, कमी बोलणारा. त्याचा जीव डार्क सोल्सवर. त्यानं दोघांवरही विश्वास नाही असं लिहिलं आणि ग्रुप सोडला, मग परत आला. माझी मालिका ड्रॅगन क्वेस्ट. ती दर वर्षी तिसरी यायची आणि मी दर वर्षी आतल्या आत जळायचे.

जूनमध्ये भांडण परत पेटलं तेव्हा मी लिहून टाकलं की मतं बंद करा, एक पंच बसवा. ज्यानं जन्मात गेमचं बटण दाबलेलं नाही असा. आष्ट्याला एक जुने निकालपंच आहेत, मी घेऊन येते. ते माझे सासरे आहेत हे मी लिहिलं नाही. तेव्हा वाटलं, लिहिलं तर कुणी हो म्हणणार नाही. आज वाटतं, ते न लिहिण्यातच माझा डाव होता.

ऋषिराजनं लगेच दोन ठिकाणी फोन लावले आणि ती अकरा सेकंदांची चित्रफीत शोधून ग्रुपवर टाकली. दिवसभर खल चालला. शेवटी जयराजनं लिहिलं की ज्याच्यावर एकदा संशय आलाय तो पंच बरा, तो लय जपून वागतो. हे सगळ्यांना पटलं.

मामांना पटवायला तीन दिवस लागले. बक्षीस काय आहे, त्यांनी विचारलं. काही नाही, मी म्हणाले. मग माणसं भांडतात कशासाठी, असं म्हणून ते आणखीच सावध झाले. बक्षीस नसलेली शर्यत त्यांनी पाहिली नव्हती, म्हणजे यात काहीतरी लपवलेलं असणारच. गेम म्हणजे जुगार नव्हे ना, पोलीस येणार नाहीत ना, हॉल कुणाचा, चहा कोण देणार. सगळं विचारून झाल्यावर त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला.

"तुजी गाडी हाय का त्यात?"

"न्हाई, मामा. मी नुसती जमवाजमव करतीया."

हे मी त्यांच्या डोळ्यांकडे बघून म्हणाले. हो म्हणाले असते तर ते आले नसते. मला ते यायला हवे होते, माणसांनी त्यांचं ऐकायला हवं होतं, आणि माझी ड्रॅगन क्वेस्टही जिंकायला हवी होती. एकही सोडायची माझी तयारी नव्हती. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या त्या माणसानं माझ्यावर घेतला नाही.

ग्रुपला मी सांगितलं की घड्याळ आणि गेमचा डबा मी सांभाळते, माझ्या मालिकेच्या बाजूनं धनाजी बोलेल. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. अशा रीतीनं ग्रुपला ठाऊक होतं की ड्रॅगन क्वेस्ट माझी आहे, पण मामा माझे कोण हे ठाऊक नव्हतं. आणि मामांना मी कोण हे ठाऊक होतं, पण ड्रॅगन क्वेस्ट कुणाची हे ठाऊक नव्हतं.

कराडला जयराजच्या मेव्हण्याचं हॉटेल आहे, त्याच्या वरच्या हॉलमध्ये जुलैतले तीन रविवार ठरले. आष्ट्याहून आम्ही दोघं एस. टी.नं गेलो. मला धाकधूक होती की तोंडातून नातं निघेल, पण आमच्याकडं कुठल्याही वयस्कर माणसाला मामाच म्हणतात. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या जयराज म्हणाला, या मामा. ऋषिराज म्हणाला, बसा मामा. धनाजी नुसता पाया पडला. माझी मामा ही हाक त्या गर्दीत कुठल्या कुठं मिसळून गेली. ते मला पोरी म्हणायचे, तेही कुणाच्या कानाला खटकलं नाही.

आठ मालिकांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले. मामांनी आधी टीव्हीच्या मागं जाऊन वायरी बघितल्या. मग नियम सांगितले. जोडून, कापून तयार केलेलं काही दाखवायचं नाही, माझ्यासमोर खेळा. एका मैदानात नंबर काढला म्हणून बैल मोठा होत नाही, त्याचा वंश किती वर्षं, किती मैदानं पळाला ते सांगा. आणि सगळ्यात वाईट हरलेलं मैदान आधी सांगा, जिंकलेली मागून. ऋषिराज वहीत लिहून घेत होता. इतक्या वर्षांच्या भांडणात एखाद्या मालिकेचा सगळ्यात पडका भाग आधी काढून बघावा हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं.

ऋषिराजनं एल्डर स्क्रोल्स लावली. डोंगर, बर्फ, घोडा. यात तुम्ही कुठंही जाऊ शकता, तो म्हणाला, वाट ठरलेली नाही. मामांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, मग रेषा कुठं आहे. ऋषिराज म्हणाला, रेषा नाही हेच तिचं मोठेपण. मामांनी पुढचा प्रश्न टाकला, मुख्य मालिकेचा मागचा भाग कधी आला. तो चाचरत म्हणाला, दोन हजार अकरा. "म्हंजे बैल पळतोय का दावनीला हाय?" मामांनी विचारलं. दुसऱ्या रविवारी सेमीमध्ये ती बाद झाली आणि ऋषिराजचा चेहरा जो उतरला तो परत वर आला नाही. तेव्हापासून तो पडद्याकडे कमी आणि मामांकडे जास्त बघत होता. ते मला दिसत होतं.

डार्क सोल्स मामांना आवडली. धनाजी त्यांच्यासमोर एकाच राक्षसाच्या हातून नऊ वेळा मेला आणि दर वेळी न चिडता परत निघाला. असं पोरगं सैन्यात पाहिजे होतं, ते म्हणाले. पण मुख्य भाग तीनच आणि तीन मैदानांवर वंश ठरत नाही, म्हणून तीही सेमीत अडली. धनाजीनं एक शब्द काढला नाही. हरलेल्या माणसानं निकाल असा मान्य केला हे बघून मामा परतताना एस. टी.त दोनदा हसले. दोन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मला मात्र त्यांच्यासोबत हसता येईना, कारण फायनलला फायनल फँटसीसमोर ड्रॅगन क्वेस्ट उभी होती.

तिसऱ्या रविवारी जयराज आधी बोलला. त्याचं वाईट मैदान त्यानं न लपवता सांगितलं. चौदावा भाग इतका फसला की बनवणाऱ्यांनीच तो बंद केला, परत पहिल्यापासून बांधला आणि मग तो लोकांनी डोक्यावर घेतला. दर भागात नवं जग, नवी माणसं, लढायची पद्धतसुद्धा नवी. मामांनी मान डोलावली. चूक झाल्यावर मालकानं कबूल केलं, हे त्यांना मानवलं.

मग धनाजीनं ड्रॅगन क्वेस्टचं सांगितलं. शहाऐंशी सालापासूनचं घराणं. वाईट मैदान विचारल्यावर तो म्हणाला की सातवा भाग फार संथ, जुन्या रूपात पहिली लढाई व्हायलाच दोन-तीन तास लागायचे. मामांनी विचारलं, बैल उठायला वेळ लावतो, पण उठल्यावर? उठल्यावर थांबत नाही, धनाजी म्हणाला. मी घड्याळ हातात धरून बसले होते आणि त्याच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं.

तेवढ्यात जयराजनं घाव घातला. पहिल्या भागापासून तीच पाळीपाळीनं लढाई, तेच गाव, तीच धर्मशाळा, तेच निळे थेंबासारखे राक्षस. ही मालिका पार चाकोरीबद्ध आहे, तो म्हणाला. आम्ही शिकलेली माणसं हा शब्द शिवीसारखाच वापरतो, त्यामुळे मला तो झोंबला.

मामा मात्र खुर्चीत पुढं सरकले. "म्हंजे चाळीस वर्षं चाकोरी सोडली न्हाई?"

"न्हाई सोडली," जयराज म्हणाला.

"आन तरी फायनलला हाय."

मामांनी खिशातून चिठ्ठी काढली, लिहिली, पालथी घातली आणि दगड नव्हता म्हणून तिच्यावर पेला ठेवला. मी शेजारीच होते. त्यांनी लिहिलेलं मला दिसलं. ड्रॅगन. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. मग त्यांनी दुसऱ्या पेल्यातून पाणी प्यायलं, चष्मा काढला आणि न बघता माझ्यापुढं धरला. मी तो घेतला, ओढणीनं पुसला आणि परत त्यांच्या हातात दिला. घरी दिवसातून चार वेळा होतं तसंच.

ऋषिराज उठून उभा राहिला.

"राजनंदिनी, हे तुझे कोण?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मामांनी आश्चर्यानं त्याच्याकडे बघितलं आणि सरळ सांगितलं की ती माझी सून आहे, तुम्हाला ठाऊक नव्हतं का. ऋषिराज फार शांतपणे म्हणाला, "मामा, फायनलमधली ड्रॅगन क्वेस्ट हिची आहे. धनाजी नुसता बोलायला होता." आणि त्यानं मोबाइल काढून चित्रण सुरू केलं. या वेळी पूर्ण घेतो, कापत नाही, असंही वर म्हणाला.

मामांनी माझ्याकडे मान वळवली. कलिंगडवाल्याकडे, हवामानाच्या अंदाजाकडे, साऱ्या जगाकडे बघायची ती त्यांची नजर मी रोज बघत होते. माझ्याकडे ती पहिल्यांदाच आली.

"पोरी, गाडी तुजी हाय?"

"व्हय, मामा."

त्यांनी पेल्याकडे बघितलं. मग पेला उचलला, चिठ्ठी न उघडता घडी करून खिशात घातली आणि उभे राहिले. नजर कुणाकडेच नव्हती. "एक नंबर फायनल फँटसी," ते म्हणाले. "दोन नंबर ड्रॅगन क्वेस्ट. काळ बदलतोय. चाकोरी सोडून जे पळालं, ते पुढं."

जयराजनं टाळ्या वाजवल्या. ऋषिराजनं मोबाइल खाली ठेवून वाजवल्या, आणि त्याच्या डोळ्यांत खरा आदर होता, खोटं कशाला बोलू. पंच असावा तर असा, तो म्हणाला. सून समोर असताना तिच्या विरुद्ध निकाल. धनाजीनं तेवढ्या वाजवल्या नाहीत. तो माझ्याकडे बघत होता आणि मी जमिनीकडे. ज्या माणसानं चाकोरी सोडलेली गाडी वीस वर्षं बाद केली त्याच्या तोंडून ते वाक्य ऐकताना मला माझीच लाज वाटली.

परतीच्या एस. टी.त इस्लामपूर जवळ आल्यावर मी धीर करून म्हणाले की चिठ्ठीवर दुसरं होतं. होतं, ते म्हणाले. मग असं का केलंत, मी विचारलं. तुझं नाव निघाल्यावर खरं सांगितलं असतं तर ते खरं कुणी मानलं असतं, असं म्हणून त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी राग धरला नाही. दुसऱ्या दिवसापासून फक्त चष्मा स्वतःच पुसू लागले.

ऋषिराजची चित्रफीत मात्र पसरत गेली. ज्यांना गेममधलं ओ की ठो कळत नाही त्यांनीही ती पुढं पाठवली. खाली एकच मजकूर, सून असूनही न्याय. बाजारात दोघातिघांनी मामांना थांबवून हात जोडले. मामा मान खाली घालून निघून आले.

पंधरा दिवसांनी शर्यत कमिटीची तीन माणसं घरी आली. पुढं नानासो, कमिटीचे अध्यक्ष, ज्यांनी दोन वर्षं आमच्या दारावरून जाताना गाडीची काच खाली केली नव्हती. हातात नारळ आणि नव्या पोस्टरचा कच्चा कागद. निकालपंच लालासाहेब, असं छापायचं होतं. मी चहा टाकला आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. हे मिळावं म्हणूनच तर सगळं केलं होतं. थोडा चोरटेपणा झाला असेल, पण शेवट तर गोड झाला, असं मी मनाला सांगत होते.

चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा मामांनी कागद वाचून परत दिला होता.

"आता रेषेवर उभा ऱ्हानार न्हाई मी, नानासो," ते म्हणत होते. "मी खोटा निकाल दिलाय. ठावं असून दिलाय."

नानासोंचा हात ट्रेकडे येता येता थांबला. त्यांनी बाकीच्या दोघांकडे बघितलं. दोन वर्षं जे तिघांच्या मनात होतं ते माणसानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. मला ते उशिरा कळलं. कळलं तशी मी ट्रे ठेवून भराभर बोलू लागले, की ते त्या शर्यतीचं नाही बोलत, ते कराडचं, गेमचं, ड्रॅगन क्वेस्ट पहिली होती ती त्यांनी दुसरी केली, चूक माझी आहे. नानासोंनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून हसले, सासऱ्याची अब्रू झाकू पाहणाऱ्या सुनेकडे बघून हसावं तसं. व्हय व्हय, गेमचंच, म्हणाले आणि नारळ परत घेऊन गेले.

दिवस मावळायच्या आत गावभर झालं होतं. लालासाहेबांनी अखेर कबूल केलं. ज्यांना आजवर थोडीफार शंका होती त्यांचीही फिटली. मी मेडिकलमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला खरं काय ते सांगते. लोक ऐकतात, औषध घेतात आणि जातात. टीव्हीवरच्या खेळाचा नंबर चुकला म्हणून कुणी शर्यतीची रेषा सोडतं, यावर कोण विश्वास ठेवणार. मीसुद्धा ठेवला नसता. पण त्या बहिणीच्या जावयाच्या बैलाबद्दल माझ्या मनात जे उरलं होतं ते त्या दिवशी गेलं, अगदी साफ गेलं. ज्याला एका गेमचा खोटा निकाल पचला नाही त्यानं तीन नंबरची चाकोरी खोटी लिहिली नसणार. हे साऱ्या आष्ट्यात आता मला एकटीला ठाऊक आहे.

त्या संध्याकाळी मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. म्हणाले, निदान कुठला निकाल ते तरी सांगायचं होतं. एक शब्द जास्त बोलला असतात तर नाव वाचलं असतं.

त्यांनी गोळीची पट्टी उजेडात धरली, तारीख वाचली आणि खाली ठेवली.

"इचारलं का त्येंनी कुठला म्हनून?" ते म्हणाले. "त्येंनी इचारलं न्हाई, पोरी. त्येंला ठावंच हुतं."